चौदाव्या क्रमांकावरची केस

"पंपात कोणी खडी ओततंय असा आवाज येतोय," रात्रपाळीच्या फिटरने फोनवर सांगितलं. मी म्हटलं, जुन्या बिघाडांच्या केसेस साठवलेल्या आपल्या संगणकात माहिती भर आणि त्यासारखी पहिली केस कोणती येते ते बघ. पहिली आली बेअरिंगची. त्याच बनावटीचा पंप, तीच क्षमता, तेच द्रव, तसंच मेकॅनिकल सील, बेअरिंगचं तापमानही जवळपास तेवढंच. रात्रपाळीच्या लोकांनी पंप थांबवला, कपलिंग सोडलं, बेअरिंग बदललं, अलाइनमेंट केली. सकाळी पंप सुरू केला आणि खडी पुन्हा वाजायला लागली.

पहिल्या पाळीला आमचे जुने फोरमन आले. निवृत्तीला सहा महिने उरले होते. त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपाच्या केसिंगला लावलं, मूठ कानाला लावली, थोडा वेळ ऐकलं आणि दोनच प्रश्न विचारले. "सक्शन गेजचा काटा थरथरतोय का?" पंप जिथून द्रव ओढतो तिथल्या दाबाचा तो काटा थरथरत होता. "मागची टाकी कधी साफ केली?" चार दिवसांपूर्वी. त्यांनी सक्शनची चाळणी उघडायला सांगितली. ती गाळाने निम्म्याहून जास्त बुजली होती. पंपाला पुरेसं द्रव मिळत नव्हतं, तोंडाशी दाब इतका खाली जात होता की द्रवाचे आतल्या आत बुडबुडे होत होते, आणि इंपेलरमध्ये, म्हणजे पंपाच्या फिरत्या चाकात, दाब वाढला की ते फुटत होते. ती खडी म्हणजे फुटणारे बुडबुडे. कॅव्हिटेशन. चाळणी धुतली, आवाज गेला.

"मला तो बॉयलरचा फीड पंप आठवला," ते म्हणाले. "तिकडेही टाकी साफ झाल्यावर असंच झालं होतं. अकरा वर्षं झाली असतील."

ती अकरा वर्षांपूर्वीची केस आमच्या संगणकात होती. फोरमनच्याच डायरीतून मी ती स्वतःच्या हाताने टाइप केली होती. त्या दिवशी मी यादी खाली सरकवत गेलो तेव्हा ती चौदाव्या क्रमांकावर सापडली. पडद्यावर आम्ही पाचच दाखवत होतो.

गेली काही वर्षं माझं कामाबाहेरचं बहुतेक डोकं या एका गोष्टीत गेलं आहे: जुन्या अनुभवांतून नेमका कामाचा अनुभव वर कसा आणायचा. ज्ञान आमच्याकडे होतं, ते आठवलं नाही. आणि न आठवलेलं ज्ञान रात्री दोन वाजता फिटरच्या काही कामाचं नसतं.

या पद्धतीला केस-बेस्ड रीझनिंग म्हणतात. नियम लिहून काढण्याऐवजी सोडवलेली जुनी प्रकरणं साठवायची, नवं प्रकरण आलं की त्यासारखं जुनं शोधायचं, त्याचा तोडगा जुळवून घ्यायचा, तपासायचा, आणि नवा अनुभव पुन्हा साठवायचा. आमोड्ट आणि प्लाझा यांनी १९९४ मध्ये हे चक्र चार पायऱ्यांत मांडलं आणि तेव्हापासून सगळे तसंच शिकवतात. जिथे पक्का सिद्धांत नाही पण अनुभव भरपूर आहे तिथे ही पद्धत शोभते. लॉकहीडमध्ये १९९० च्या सुमारास क्लेव्हिअर नावाची प्रणाली वापरात आली. विमानाचे कॉम्पोझिट भाग ऑटोक्लेव्हच्या भट्टीत कसे मांडायचे ते ती सुचवायची. भट्टीत उष्णता कशी फिरते याचं चांगलं गणित हाताशी नव्हतं. तिथले कामगार आधीपासूनच यशस्वी मांडण्यांची रेखाचित्रं जपून ठेवत आणि त्यावरून नवी मांडणी ठरवत. प्रणालीने तीच सवय उचलली. मला ही गोष्ट फार आवडते, कारण आमच्या फोरमनच्या डायऱ्या म्हणजे तीच रेखाचित्रं होती.

चार पायऱ्यांपैकी पहिली, म्हणजे शोधण्याची, मला सगळ्यांत अवघड वाटते. ती चुकली तर पुढच्या तिन्ही पायऱ्या चुकीच्या केसवर इमानेइतबारे काम करत राहतात. त्या रात्री बेअरिंग अगदी व्यवस्थित बदललं गेलं होतं.

आता आमचं गणित कुठे चुकलं ते सांगतो. सर्वांत सरळ पद्धत म्हणजे जवळच्या शेजाऱ्याची. प्रत्येक रकान्यात नवी केस आणि जुनी केस किती जुळतात ते शून्य ते एकमध्ये मोजायचं, प्रत्येक रकान्याला वेटेज द्यायचं आणि सरासरी काढायची. आम्ही सात रकाने घेतले होते: बनावट, क्षमता, द्रव, सीलचा प्रकार, बेअरिंगचं तापमान, आवाज आणि सक्शन गेजची हालचाल. वेटेज सगळ्यांना सारखं. बेअरिंगची केस पहिल्या चार रकान्यांत पूर्ण जुळली, तापमानात ०.९५, आवाज आणि गेजमध्ये शून्य. बेरीज ४.९५, सातने भागलं की सुमारे ०.७१. फीड पंपाची केस बनावटीत शून्य, क्षमतेत ०.४, द्रव आणि सील शून्य, तापमानात ०.७, पण आवाज आणि गेज दोन्हीत पूर्ण एक. बेरीज ३.१, म्हणजे ०.४४. हिशोबात एकही चूक नाही, आणि उत्तर पूर्ण चूक.

कारण सापडायला मला बरेच दिवस लागले. सात रकान्यांपैकी चार पंपाच्या नेमप्लेटवरून भरले जात होते. नेमप्लेट वाचायला सोपी, म्हणून त्या माहितीचे रकाने जास्त. वेटेज सारखं आहे असं आम्ही समजत होतो, पण रकान्यांची संख्या हेच एक लपलेलं वेटेज असतं. आमची प्रणाली "हा पंप कोणत्या पंपासारखा दिसतो" याचं उत्तर देत होती. फिटरचा प्रश्न "हा बिघाड कोणत्या बिघाडासारखा आहे" असा होता.

मग मी फोरमनना बाकावर बसवलं आणि विचारलं, खडीसारख्या आवाजाची तक्रार असेल तर तुम्ही कशाकडे बघता? त्यांच्या उत्तरावरून नवं वेटेज लावलं. बनावट शून्य, क्षमता अर्धा, द्रव एक, सील अर्धा, तापमान दोन, आवाज चार, गेज चार. एकूण बारा. त्याच दोन केसेस पुन्हा मोजल्या. बेअरिंगची ३.९ भागिले बारा, म्हणजे ०.३३ च्या आत. फीड पंपाची ९.६ भागिले बारा, बरोबर ०.८०. क्रम उलटला.

पण लगेच त्यांनीच बजावलं की सील गळत असेल तर हे वेटेज फेकून द्या. तिथे सीलचा प्रकार आणि द्रव हेच सगळं, आवाजाला काही अर्थ नाही. म्हणजे साम्य ही दोन केसेसमध्ये असलेली कायमची गोष्ट नव्हे. ती प्रश्नागणिक बदलते. आज आमच्याकडे तक्रारीच्या प्रकाराप्रमाणे वेटेजचे सहा वेगवेगळे संच आहेत. कोणी "सर्वसाधारण साम्य" मोजायला निघालं की मी पहिल्यांदा विचारतो, कशासाठी?

फोरमनच्या डोक्यात हे कसं चालत होतं, याचा माग काढताना मी रॉजर शँक या संशोधकापर्यंत पोहोचलो. स्मरण कसं रचलेलं असतं यावर त्याने १९८२ मध्ये जे मांडलं, त्यातून हे सगळं क्षेत्र उभं राहिलं. त्याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. एक जण तक्रार करतो की बायको मला हवं तितकं कमी भाजलेलं मांस कधी करून देत नाही. ऐकणाऱ्याला तीस वर्षांपूर्वीचा इंग्लंडमधला न्हावी आठवतो, जो त्याचे केस हवे तितके बारीक कापायला तयार नव्हता. मांस आणि केस यांत रकान्याला रकाना काहीच जुळत नाही. जुळतं ते एवढंच की मागणी केली, समोरच्याला ते सहज करता येत होतं, पण त्याला ती मागणी टोकाची वाटली म्हणून त्याने केलं नाही. शँकचं म्हणणं असं की आपल्याला जुनं आठवतं ते बहुधा अपेक्षा फसते तेव्हा, आणि त्याच तऱ्हेने फसलेली जुनी अपेक्षा वर येते. फोरमनचा दुसरा प्रश्न याच जातीचा होता. टाकी साफ झाली म्हणजे पंप नीट चालायला हवा, ही अपेक्षा. ती उलटी फिरली की त्यांना फीड पंप आठवणारच.

म्हणून आम्ही एक नवा रकाना जोडला: "त्याआधी काय बदललं होतं". सगळ्या रकान्यांत हाच भरायला सर्वांत त्रासाचा, कारण फिटरला चार माणसांना विचारावं लागतं. आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त कामाचाही हाच.

जेनेट कोलोड्नर शँकच्याच शिष्या. त्यांची सायरस ही प्रणाली १९८३ ची. केस-बेस्ड रीझनिंगची पहिली प्रणाली म्हणून तिचंच नाव घेतलं जातं. अमेरिकेचे एके काळचे परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांच्या दौऱ्यांच्या आणि भेटींच्या नोंदी तिच्यात होत्या. तुमची पत्नी इस्रायलचे तेव्हाचे पंतप्रधान बेगिन यांच्या पत्नीला भेटली होती का, असा प्रश्न तिला व्हान्स समजून विचारला गेला. दोघी कधी भेटल्या याची थेट खूण लावलेली नव्हती. प्रणालीने आधी विचार केला की मंत्र्यांच्या पत्नी भेटतात कुठे. सरकारी मेजवानीत. मग मेजवान्यांच्या नोंदी चाळून तिने उत्तर दिलं. प्रश्न जसा आला तसाच घेऊन शोधायचा नाही, आधी त्याला फोडायचं, ही गोष्ट मी तिथून शिकलो. "आवाज येतोय" या तक्रारीवरून शोध सुरू करण्याआधी आमची प्रणाली आता दोन प्रश्न विचारते. ते फोरमनचेच दोन प्रश्न आहेत.

पुन्हा रकान्यांकडे येतो, कारण खरी मेहनत तिथे आहे. आकड्यांसाठी आम्ही सरळ सूत्र वापरत होतो: दोन आकड्यांतला फरक, भागिले त्या रकान्याचा पूर्ण पल्ला, आणि ते एकातून वजा. बेअरिंगचं तापमान ३० ते ११० अंश धरलं तर पल्ला ८०. ६८ आणि ७२ यांत चारचा फरक, म्हणून साम्य ०.९५. पण ८८ आणि ९२ मध्येही तेच ०.९५ येतं. आमच्या बेअरिंगांना ९० च्या पुढे गेलं की गोष्ट बदलते, ग्रीस टिकत नाही. ८८ आणि ९२ ही दोन वेगळी दुखणी असू शकतात आणि ५० आणि ६० मध्ये काहीच फरक नसू शकतो. मर्यादा ओलांडताना साम्य झपकन उतरेल अशी वक्ररेषा आम्ही हाताने काढली. आकड्यांच्या प्रत्येक रकान्यासाठी अशी रेषा काढायला एक दुपार लागते आणि ती दुपार वाया जात नाही.

आवाजाच्या रकान्याने मला सगळ्यांत जास्त आनंद दिला. सुरुवातीला तिथे "असामान्य आवाज: होय किंवा नाही" एवढंच होतं. फिटर लोक मात्र डायरीत घरघर, खरखर, खडखड, टकटक, किरकिर, शिट्टी, गुरगुर असं लिहीत. मराठीत आवाजाला इतके शब्द आहेत आणि पंपाजवळ उभा राहणारा माणूस ते उगाच वापरत नाही. शिट्टी म्हणजे बहुधा कुठून तरी हवा ओढली जातेय. किरकिर म्हणजे वंगण कमी. ठरावीक लयीत टकटक म्हणजे फिरणारं काहीतरी एका जागी लागतंय. खडखड म्हणजे सैल बोल्ट किंवा बुडबुडे. आम्ही तिघे बसलो आणि प्रत्येक जोडीला साम्य दिलं. घरघर आणि खरखर ०.६, घरघर आणि शिट्टी ०.१, अशी पूर्ण तक्ता-मांडणी. त्यावर वाद झाले, एक वाद दोन दिवस चालला. हा तक्ता कुठल्याही आज्ञावलीतून आपोआप निघाला नसता असं माझं ठाम मत आहे. मायकेल रिख्टरने म्हटलं होतं की अशा प्रणालीत ज्ञान चार भांड्यांत ठेवता येतं: शब्दसंग्रह, साम्याचं माप, केसेसचा साठा आणि तोडगा बदलण्याचे नियम. लोक तिसरं भांडं भरत बसतात. आमचं पहिलं आणि दुसरं रिकामं होतं.

एक बाब बरीच उशिरा लक्षात आली. साम्य दोन्ही बाजूंनी सारखं असलंच पाहिजे असं नाही. मानसशास्त्रज्ञ अमोस ट्वर्स्कीने १९७७ मध्ये दाखवलं की माणसं उत्तर कोरिया चीनसारखा आहे असं सहज म्हणतात, चीन उत्तर कोरियासारखा आहे असं तितक्या सहज म्हणत नाहीत. त्याच्या मापात सामाईक गोष्टी जमेला धरतात, आणि फक्त पहिल्यात असलेल्या व फक्त दुसऱ्यात असलेल्या गोष्टी वेगवेगळ्या प्रमाणात वजा करतात. बिघाडांच्या बाबतीत हे तंतोतंत लागू पडतं. नव्या पंपात एखादं लक्षण आहे आणि जुन्या केसमध्ये ते नव्हतं, तर जुन्या कारणाने ते लक्षण समजत नाही. ही गंभीर गोष्ट. उलट जुन्या केसमध्ये असलेलं लक्षण नव्यात अजून दिसत नसेल, तर कदाचित बिघाड आत्ता सुरू झाला असेल. पहिल्या प्रकाराला आम्ही जास्त दंड लावतो, दुसऱ्याला थोडा.

रिकामे रकाने हे वेगळंच दुखणं. माहिती नसेल तर साम्य शून्य धरायचं, एक धरायचं, की तो रकाना हिशोबातून वगळायचा? आम्ही वगळत होतो. ते न्याय्य वाटत होतं. मग एक केस सतत पहिल्या पाचात यायला लागली, तक्रार कुठलीही असो. उघडून पाहिलं तर तिच्यात दोनच रकाने भरलेले होते, आणि ते दोन्ही इतके सर्वसाधारण की सगळ्यांशी जुळायचे. जिने सर्वांत कमी सांगितलं तीच सर्वांत जवळची ठरत होती. आता अंतिम आकड्याला किती टक्के वेटेज खरोखर तपासलं गेलं त्याने गुणतो.

वेटेज माणसाला विचारण्याऐवजी डेटातून शिकता येतं हे मला ठाऊक होतं, आणि ते करूनही पाहिलं. किरा आणि रेंडेल यांची १९९२ ची रिलीफ पद्धत समजायला सोपी आहे. एक केस घ्या, तिच्याच कारणाची सर्वांत जवळची केस शोधा आणि वेगळ्या कारणाची सर्वांत जवळची केस शोधा. जो रकाना वेगळ्या कारणाच्या केसपाशी वेगळा पडतो त्याचं वेटेज वाढवा, जो आपल्याच कारणाच्या केसपाशी वेगळा पडतो त्याचं कमी करा. हे सगळ्या केसेसवर फिरवलं. बनावटीचं वेटेज जवळजवळ शून्यावर आलं, फोरमनचं म्हणणं खरं ठरलं. पण "नोंद कोणी केली" या रकान्याला भरपूर वेटेज मिळालं. एक जण कायम कूलिंग टॉवरच्या विभागात असायचा आणि तिथे बेअरिंगचे बिघाड जास्त, एवढंच. आकड्यांनी शिकलेलं वेटेज माणसाने वाचल्याशिवाय मी आता लावत नाही.

शोध वेगाने कसा करायचा, यावर बरंच काम झालं आहे. त्यातलं बहुतेक आम्हाला लागलंच नाही. जॉन बेंटलीचं १९७५ चं के-डी ट्री एकेका रकान्यावर साठा मधोमध विभागत जातं, म्हणजे सगळ्या केसेस तपासाव्या लागत नाहीत. रकाने वाढले आणि त्यातले बरेच रिकामे असले की त्याचा फायदा विरतो. आमच्याकडे हजारभर केसेस आहेत. एकामागून एक सगळ्या तपासल्या तरी पापणी लवेपर्यंत होतं. केसेसवरून निर्णयवृक्ष बांधण्याचीही पद्धत आहे. बोईंग ७३७ वरच्या सीएफएम५६-३ इंजिनांचे बिघाड शोधणाऱ्या कॅसिओपी प्रणालीने ती वापरली होती. प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो, म्हणून तंत्रज्ञाला कमी प्रश्न पडतात. पण आमच्याकडे पहिल्याच प्रश्नाला बरेचदा "गेज तुटलं आहे" असं उत्तर मिळतं, आणि झाड तिथेच अडतं. त्यापेक्षा लेंझ आणि बुर्खार्ड यांची केस रिट्रीव्हल नेट ही १९९६ ची कल्पना मला जवळची वाटते. प्रत्येक माहितीचा तुकडा म्हणजे एक गाठ, जवळच्या तुकड्यांना साम्याचे धागे, आणि तुकड्यांपासून केसेसकडे धागे. जे माहीत आहे त्या गाठी पेटवायच्या आणि धाग्यांवरून ऊर्जा पसरू द्यायची. कुठल्याही टोकापासून सुरुवात करता येते, अर्धवट माहितीने अडत नाही. घरघरची गाठ पेटली की खरखरही मंद पेटते.

मजकुराचं काय, असं मला हल्ली सारखं विचारलं जातं. वाक्यांचे व्हेक्टर, म्हणजे अर्थ दाखवणाऱ्या आकड्यांच्या रांगा, काढून जवळचे शोधले की झालं, असं अनेकांना वाटतं. आम्ही तेही करतो आणि एका बाबतीत त्याचा उपयोग निर्विवाद आहे: आमच्या नोंदींत बेअरिंग, बेरिंग, बेअरींग अशी तीन शुद्धलेखनं आहेत आणि व्हेक्टरला त्याने फार बिघडत नाही. पण "आवाज येतो पण कंपन नाही" आणि "कंपन आहे पण आवाज येत नाही" ही दोन वाक्यं त्याला चिकटून बसलेली दिसतात. शब्द जवळपास तेच, विषय तोच, आणि बिघाड वेगळे. नकार पकडण्यात व्हेक्टर कच्चे पडतात आणि दुखणं ओळखताना नकार फार मोलाचा असतो. साध्या शब्दशोधाला मी म्हणूनच निवृत्त केलेलं नाही. केरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये सांगितलं की जो शब्द कमी नोंदींत येतो त्याला जास्त महत्त्व द्या. "पंप" सगळीकडे आहे, "चाळणी" मोजक्या नोंदींत. एवढ्या एका कल्पनेनेसुद्धा ती चौदाव्या क्रमांकाची केस बरीच वर आली असती, जर फिटरला चाळणीचा संशय आला असता. आणि संशय आला असता तर शोधायची गरजच नव्हती.

शेवटी आम्ही जी रचना पक्की केली ती फोर्बस आणि गेंटनर यांच्या दोन टप्प्यांच्या विचारावर आहे. त्यांच्या मॅक-फॅक या नमुन्याच्या नावाचाच अर्थ आहे की बोलावणं पुष्कळांना, निवड थोड्यांची. पहिला टप्पा स्वस्त आणि ढोबळ: केसमध्ये कोणकोणत्या गोष्टी आहेत एवढंच मोजून भरपूर उमेदवार गोळा करायचे. दुसरा टप्पा महाग आणि बारकाईचा: कशामुळे काय झालं ही नाती दोन्हीकडे जुळतात का ते पाहायचं. गेंटनर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत दिसलं की माणसांना वरवर सारख्या गोष्टी पटकन आठवतात, पण दोन गोष्टी समोर ठेवल्या तर आतली रचना जुळणारीच जास्त पटते. माझा पहिला आराखडा आठवण्याच्या पहिल्या झटक्यावरच थांबला होता. आता पहिल्या टप्प्यात पन्नास केसेस उचलतो. तिथे एकच काळजी घेतो, कामाची केस सुटता कामा नये. नको त्या आल्या तरी चालतील.

पन्नासांतून पाच निवडतानाही एक घोळ होता. पाचही केसेस एकाच पंपाच्या, एकाच कारणाच्या यायच्या, कारण त्याचं बेअरिंग पाच वेळा बदललं होतं. पहिली चुकली तर उरलेल्या चारही त्याच दिशेने चुकलेल्या. स्मिथ आणि मॅकक्लेव्ह यांनी २००१ मध्ये यावर सुटसुटीत उपाय मांडला. पहिली केस सर्वांत जवळची घ्या. पुढची निवडताना ती प्रश्नाशी किती जवळ आहे आणि आधी निवडलेल्यांपासून किती वेगळी आहे, यांचा गुणाकार पाहा. हे लावल्यावर फिटरसमोर एकाऐवजी दोन-तीन संभाव्य कारणं येतात. रात्री दोन वाजता त्याने चाळणी उघडून पाहावी की बेअरिंग, हा निर्णय तो घेऊ शकतो, आणि चाळणी उघडायला वीस मिनिटं लागतात. बॅरी स्मिथनेच मार्क कीनबरोबर आणखी एक मुद्दा मांडला होता: सर्वांत सारखी केस शोधण्याऐवजी जिचा तोडगा इथे सर्वांत सहज बसवता येईल ती शोधा. आमच्याकडे तोडगे फार बदलावे लागत नाहीत, म्हणून मी तिकडे वळलो नाही.

शोध सुधारला हे कसं ठरवायचं, यात मी स्वतःला एकदा फसवलं आहे. पद्धत सरळ होती. एक केस बाहेर काढायची, उरलेल्यांना विचारायचं, पहिल्या तिनात तिचं खरं कारण येतं का बघायचं, आणि हे प्रत्येक केससाठी करायचं. आकडा सुंदर आला. नंतर कळलं की बाहेर काढलेल्या केसची जुळी भावंडं आतच होती: तोच पंप, तोच बिघाड, तीन आठवड्यांनंतर पुन्हा. मग एक केस काढण्याऐवजी त्या पंपाच्या सगळ्याच केसेस काढल्या, आणि त्या तारखेनंतरच्या केसेसही लपवल्या, कारण त्या रात्री त्या अस्तित्वातच नव्हत्या. आकडा खूप खाली आला. तोच खरा होता, आणि त्यानंतरची सगळी सुधारणा मी त्यावरच मोजतो.

आणखी एक प्रणाली मला गुरुस्थानी आहे, ब्रूस पोर्टर आणि रे बॅरिस यांची प्रोटॉस. श्रवणदोषांचं निदान करायला ती तज्ज्ञाकडून केस-केस करून शिकली. तिची चूक झाली की ती तज्ज्ञाला विचारायची, ही केस लागू का पडत नाही? मग तो फरक दोन केसेसमधल्या धाग्यावर लिहून ठेवायची. पुढच्या वेळी तोच फरक दिसला की ती स्वतःहून शेजारच्या केसकडे सरकायची. आम्ही याची साधी नक्कल केली. प्रत्येक सुचवलेल्या केसखाली एक रकाना दिला: "नाही, कारण". केस लागू पडली नाही तर फिटरने एक ओळ लिहायची. पहिले दोन महिने तो रकाना रिकामाच राहिला. फोरमननी निवृत्तीच्या आधी प्रत्येक पाळीत स्वतः उभं राहून तो भरून घेतला.

मागच्या आठवड्यात पुन्हा खडीसारखा आवाज आला. प्रणालीने पहिली केस दिली तीच, बुजलेल्या चाळणीची. तरुण फिटरने चाळणी उघडली, ती स्वच्छ होती. दुसरी केस होती बेअरिंगची, आणि ती खरी ठरली. पहिल्या केसखाली त्याने लिहिलं: "नाही, कारण डिस्चार्ज व्हॉल्व्ह थोडा बंद केला तरी आवाज कमी झाला नाही."

ही तपासणी त्याला कोणी सांगितली नव्हती. द्रव बाहेर जातो त्या बाजूचा हा व्हॉल्व्ह आवळला की प्रवाह कमी होतो, पंपाला सक्शनला लागणारा दाबही कमी होतो, आणि बुडबुड्यांचा आवाज असेल तर तो मंदावतो. बेअरिंगच्या आवाजाला त्याचं सोयरसुतक नसतं. दोन मिनिटांची तपासणी, काही उघडायचं नाही, आणि आमच्या रकान्यांत ती कुठेच नव्हती. काल मी तो रकाना जोडला: "व्हॉल्व्ह आवळल्यावर आवाज बदलतो का". आवाजाला आहे तेवढंच वेटेज त्याला दिलं. खडखड लिहिलेल्या सेहेचाळीस जुन्या केसेस आहेत, त्यांत हे कोणी पाहिलं होतं का ते डायऱ्यांत शोधायचं आहे. फोरमनना फोन केला. रविवारी या म्हणाले, चष्मा आणि डायऱ्या काढून ठेवतो.